श्रावणी सोमवार, ओंकारेश्वर आणि वीस टक्के पाऊस

"काका, नमस्कार. मी २७ वर्षांचा आहे. सुदामा नगरात आई आणि धाकट्या बहिणीबरोबर राहतो. माझ्याकडे १६० सीसीची मोटारसायकल आहे आणि पावसाळ्यात फिरायची मला फार हौस. जुलैत मित्रांबरोबर पाताळपाणीच्या धबधब्याला गेलो. निघण्याआधी तीन ॲप पाहिली. एकावर ७० टक्के पाऊस, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर २०. तिसरं धरलं नि निघालो. परतताना असा कोसळला की समोरचं दिसेना. नाल्यावरच्या एका रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं. पुढचा निघून गेला म्हणून मीही गाडी घातली. ती मधोमध बंद पडली आणि मागचं चाक सरकायला लागलं. मित्र उतरला, दोघांनी मिळून कशीबशी गाडी धरून ठेवली. घरी कळायचं ते कळलंच. पुढच्या रविवारी त्याच ॲपवर ९० टक्के होते म्हणून घरी बसलो, तर दिवसभर ऊन-सावली. आता आई म्हणते, श्रावणी सोमवारी ओंकारेश्वरला ने, आणि बसनं नको, तुझ्या गाडीवरूनच. बाबा होते तेव्हा दोघं दर श्रावणात स्कूटरवरून जायचे. बहीण म्हणते, अजिबात नाही. मला सांगा, कोणतं ॲप खरं बोलतं? आणि आईला नेऊ की नको?"
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

चि. वाचकास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. "तिसरं धरलं नि निघालो." हे तू लपवलं नाहीस, याचं मला फार बरं वाटलं, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. तीन जणांना विचारलंस आणि ज्यानं मनासारखं सांगितलं त्याचं ऐकलंस. रविवार ठरलेला होता, मित्र तयार होते, गाडीत पेट्रोल भरलेलं होतं. अशा वेळी माणूस अंदाज वाचत नाही, परवानगी शोधतो. तारीख आधी बांधून घेतली की कुठल्याही ॲपमध्ये आपल्याला हवं तेच दिसतं.

हे मला माहीत आहे, कारण मीही हेच केलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मोठ्या मिनतवारीनं रजा मिळाली होती आणि जाम दरवाज्यावरून खाली मंडलेश्वरला जायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी रेडिओवर गडगडाटासह पावसाचा इशारा ऐकला होता. महूच्या पुढे दक्षिणेकडचं आभाळ शाईसारखं झालेलं दिसतही होतं. पण रजा वाया जाईल म्हणून पुढे गेलो. घाटमाथ्याच्या अलीकडे पावसानं गाठलं तेव्हा रस्त्याकडेच्या एका झाडाखाली उभे राहिलो. दहा मिनिटांनी समोरच्या शेताच्या बांधावरच्या झाडावर वीज पडली. आमच्यापासून दोनशे पावलंही नसेल ते झाड. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत साल सोलून निघाली होती, आतलं पांढरंफटक लाकूड उघडं पडलं होतं आणि भर पावसात त्यातून वाफ निघत होती. बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्यांचे वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होते. आम्हीही झाडाखालीच उभे होतो. फरक होता तो फक्त बांधाचा.

म्हणून आधी तारखेचं बोलू, ॲपचं नंतर. तुझ्या आईनं एक विशिष्ट सोमवार सांगितलेला नाही, श्रावणी सोमवार म्हटलं आहे. असे चार सोमवार मिळतात, एखाद्या वर्षी पाच. आणि आपण इंदूरची मराठी माणसं या बाबतीत नशीबवान आहोत. इथल्या हिंदी पंचांगातला सावन पौर्णिमेनंतर लगेच लागतो, आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावास्या झाल्यावर. राखीला त्यांचा सावन संपतो, आपला मात्र अजून पंधरवडाभर चालू असतो. खंडवा रोडवरची कावडियांची गर्दी सावनात असते. राखीनंतरच्या सोमवारी रस्ता बराच मोकळा मिळतो, घाटात ट्रकच्या मागे रांगत जावं लागत नाही, आणि आपला नेमही मोडत नाही. उज्जैनला महाकालाची सवारी भादव्यातही निघते ती याच दोन पंचांगांमुळे, असं आमच्या रामबागेतली जुनी मंडळी सांगत. आईला सांग, सोमवार नक्की, पण कोणता ते आदल्या रात्री ठरेल. पहिला नाही जमला तर दुसरा. एवढं तिनं मान्य केलं तर बाकीचं सगळं सोपं आहे.

आता तुझे टक्के. ॲपवरचे २० टक्के म्हणजे "पाऊस येणार नाही" असं नव्हे. अशाच हवेचे दहा दिवस घेतले तर त्यातल्या दोन दिवशी त्या जागी, त्या वेळात पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. पाचातला एक. पाच वेळा बाहेर पडलास तर एकदा भिजशील, हे त्यानं तुला आधीच सांगितलं होतं. आणि ९० टक्के म्हणजे मुसळधार असंही नव्हे. किती पडेल हे टक्के सांगतच नाहीत. अंगणातली फरशी जेमतेम ओली करणारी भुरभुरही त्यांच्या हिशोबात पाऊसच. म्हणून टक्क्यांच्या शेजारी मिलिमीटरचा आकडा असतो तो बघायचा. ९० टक्के आणि अर्धा मिलिमीटर असेल तर खुशाल जा. ३० टक्के आणि तासाला १५ मिलिमीटर असेल तर मी तरी घाट उतरणार नाही. तुझ्या त्या कोरड्या रविवारी बहुधा असंच झालं असेल, कुठेतरी चार थेंब पडून गेले असतील.

दिवसाच्या चित्रावरही जाऊ नकोस. सोमवारच्या चौकटीत ढग आणि थेंब दाखवले असतील, तर तो पाऊस पहाटे तीनचाही असू शकतो. तासातासाचा अंदाज उघड. आणि तीन ॲपचं एकमत झालं म्हणजे तीन साक्षीदार मिळाले असंही समजू नकोस. बहुतेक ॲप हवेचं गणित मांडणाऱ्या त्याच दोन-चार मोठ्या संगणकीय प्रारूपांवर चालतात. अमेरिकेचं प्रारूप दिवसातून चार वेळा नव्यानं चालतं, युरोपचं प्रारूप देशाचे सुमारे नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन करून हिशोब करतं. त्या एका चौकोनात आपलं अर्धं जुनं इंदूर मावतं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, तो ओडिशा, छत्तीसगढ ओलांडून दोन-तीन दिवसांत माळव्यात येतोय, हे ही प्रारूपं चांगलं ओळखतात. दुपारी तीनला खंडवा रोडवरच्या भेरूघाटावर एकच ढग फुगून फुटणार, हे त्यांना चार दिवस आधी कळत नाही. म्हणून गुरुवारी ॲपला विचारायचं ते एवढंच, की येत्या आठवड्यात काही मोठं येतंय का? येत असेल तर तो सोमवार सोडून दे, पुढचं काही बघूच नकोस. तशा झडीत उघडीप शोधत बसायचं नसतं.

शनिवार-रविवारी हवामान खात्याकडे वळ. त्यांचे इशारे जिल्हावार असतात, आणि इथे बहुतेक जण चुकतात, कारण ते फक्त इंदूर बघतात. तुझा रस्ता तीन जिल्ह्यांतून जातो. सिमरोल आणि चोरल इंदूर जिल्ह्यात, बडवाह खरगोन जिल्ह्यात, आणि मोरटक्का, ओंकारेश्वर खंडवा जिल्ह्यात. तिन्ही जिल्ह्यांचे रंग बघायचे. हिरवा असेल तर चिंता नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवून राहा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि आई मागे बसणार असेल तर मी नारिंगीलाच बेत मोडला असं धरतो. लाल असेल तर बोलायलाच नको.

आपल्याकडच्या हिंदी वर्तमानपत्रांत भोपाळच्या केंद्राचा अंदाज छापून येतो, त्यातल्या शब्दांना ठरलेले अर्थ असतात. "कहीं-कहीं" म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव ठिकाणी. "कुछ स्थानों पर" म्हणजे पाव ते निम्म्या ठिकाणी. "अनेक स्थानों पर" म्हणजे निम्म्याहून जास्त, पाऊणपर्यंत. "अधिकांश" म्हणजे त्याच्याही वर. नुसतं "वर्षा होगी" वाचून पान उलटू नकोस. "कहीं-कहीं" असेल तर ऐंशी किलोमीटरच्या रस्त्यात कोरडा राहण्याची चांगली आशा आहे. "अधिकांश" असेल तर कुठे ना कुठे भिजणारच.

तसंच "भारी वर्षा". खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तर भारी, ११५.६ पासून अति भारी, आणि २०४.४ च्या पुढे गेला तर अत्यंत भारी. आपण इंदूरकर पाऊस इंचांत मोजतो, तर अडीच इंच, साडेचार इंच आणि आठ इंच असं लक्षात ठेव. ऑगस्ट २०२० मध्ये २१ च्या सकाळपासून २२ च्या सकाळपर्यंत आपल्याकडे दहा इंचांहून जास्त पडला होता, तेव्हा तू कॉलेजात असशील, आठवत असेल. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे धरतात. म्हणजे सोमवारच्या सकाळी मोजलेला आकडा बहुतेक रविवारचाच असतो. पण मोटारसायकलवाल्यासाठी खरा प्रश्न वेगळाच आहे. अडीच इंच दिवसभर झिमझिमत पडला तर तू बरसाती घालून ओंकारेश्वरला जाऊन येशील. तोच अडीच इंच दीड तासात पडला तर पाताळपाणीच्या वाटेवर जे झालं ते होतं.

निघायच्या सकाळी दोन गोष्टी बघ. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज देत असतं, तो त्यांच्या "मौसम" ॲपवर आणि संकेतस्थळावर मिळतो. आणि भोपाळच्या डॉपलर रडारचं चित्र. हे चित्र एकदा वाचायला शिकलास की टक्क्यांची आठवणही येणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रडार आत्ता, या घडीला पाऊस कुठे आहे ते दाखवतं. तिथे अंदाज नसतो, दिसलेलं असतं. हिरवा-निळा डाग हलका, पिवळ्याकडून लालकडे जाईल तसा जोरदार. एकच चित्र बघून उपयोग नाही, मागच्या अर्ध्या-पाऊण तासाची चित्रं एकामागून एक बघायची. समज, साडेपाचला एक पिवळा-लाल डाग देवासच्या पलीकडे वीस किलोमीटरवर होता आणि सहाला तो देवासवर आला. म्हणजे अर्ध्या तासात वीस, ताशी चाळीस. देवास ते इंदूर पस्तीसेक किलोमीटर, तेव्हा तो सात वाजण्याच्या आत तुझ्या दारात. आता बघ, तो सरळ पश्चिमेला चाललाय की दक्षिणेला, खंडवा रोडकडे वळतोय. पश्चिमेला जात असेल तर घरी चहा घे, तो जाऊ दे, मग निघ. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेव. भोपाळहून इंदूर सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या लांबवर रडारचा झोत जमिनीपासून तीनेक किलोमीटर वरून जातो. उंच वाढलेला गडगडाटी ढग त्याला नीट दिसतो, पण घाटमाथ्यावर खाली लोळणारा, भुरभुर पाडणारा ढग त्याच्या नजरेतून सुटतो. म्हणून रडार स्वच्छ दिसलं तरी भेरूघाटात धुकं आणि ओला रस्ता असणारच असं धरून चाल.

हा घाटाचा खेळही समजून घे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, आणि मोरटक्क्याला नर्मदाकाठ दोनशे मीटरच्याही खाली. पावसाळी वारा निमाडातून येतो, विंध्याच्या कड्याला धडकून वर चढतो, थंड होतो आणि माथ्यावरच ढग रिकामा करतो. सिमरोलच्या पुढे अंधारून आलेलं असतं आणि बलवाड्याला उतरलं की लख्ख ऊन, हे तू पाहिलं असशील. कधी याच्या उलटही होतं. सुदामा नगरातल्या गच्चीवरून दिसतं ते आभाळ फक्त सुदामा नगरचं.

जी गोष्ट कुठलंच पावसाचं ॲप सांगत नाही ती नर्मदेची. मोरटक्क्याचा पूर तिथल्या पावसानं येत नाही. जबलपूरकडे, नर्मदापुरमकडे दोन दिवस पाऊस कोसळतो, बरगी आणि तवा या धरणांचे दरवाजे उघडतात, ते पाणी इंदिरा सागर धरणात येतं, तिथून ओंकारेश्वरच्या धरणात आणि मग पुलाखाली. इंदुरात कोरडं ठणठणीत असताना मोरटक्क्याचा पूल बंद असू शकतो. सप्टेंबर २०२३ च्या मध्यावर नर्मदेला मोठा पूर आला तेव्हा जुन्या पुलावरची वाहतूक बंद करावी लागली होती. म्हणून रविवारी रात्री बातम्यांत इंदिरा सागरचे किती दरवाजे उघडलेत ते बघ. उघडलेले असतील तर घाटावर उतरून आंघोळीचा हट्ट नको, आईला आधीच सांगून ठेव. पाणी अचानक चढतं तिथे.

आता रपटा. हे मी पोटतिडकीनं सांगतो आहे. जुलैत तुम्ही दोघं वाचलात. वाहतं पाणी पोटरीच्या निम्म्यापर्यंत असलं तरी उभ्या माणसाचे पाय सुटतात, आणि फूटभर पाणी छोटी मोटार ढकलून नेतं. दोन चाकांची काय कथा. वरून पाणी मातकट असतं, खाली रपटा शाबूत आहे की मधला तुकडा वाहून गेलाय ते दिसत नाही. पुढचा गेला म्हणजे आपण जाऊ, हा हिशोब कधीही करू नकोस. पुढच्याची गाडी जड असेल, किंवा तो गेल्यावर पाणी चार बोटं चढलं असेल. माळव्यातले नाले जसे झटकन चढतात तसे उतरतातही. तास-दीड तास काठावर बस. भुट्टा खा. पाणी उतरून रपट्याचा दगड दिसेपर्यंत गाडी घालायची नाही. मागे कुणीही बसलेलं असो किंवा नसो.

विजेसाठी "दामिनी" ॲप ठेव. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं केलेलं आहे, आपल्या आसपास वीस आणि चाळीस किलोमीटरवर वीज पडत असेल तर सांगतं. फोन खिशात असेल तेव्हा कान आहेतच. लख्ख झालं की मोजायला लाग. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडलं तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, थांब, पक्क्या छताखाली जा. ढाबा, दुकान, शाळेचा व्हरांडा, काहीही चालेल, झाड चालणार नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ दे. मोटारीत बसलेल्याला भोवतीचा पत्रा वाचवतो, मोटारसायकलवाला उघडा असतो, चाकांचं रबर त्याला वाचवत नाही.

गाडीचं थोडक्यात. पावसाळ्यात टायरमधली हवा कमी करावी असं सांगणारे भेटतील, ऐकू नकोस. टायरच्या खाचांतून पाणी बाहेर फेकलं जायला पुरती हवा लागते, आणि डबलसीटला मागच्या चाकात जास्त. गाडीवरच्या पट्टीवर आकडा लिहिलेला असतो. टायर गोटा झाला असेल तर हा बेत टायर बदलल्यानंतरचा. तुझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय, असेल, पण या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना ते पुढच्याच चाकाला असतं. मागचा ब्रेक जोरात दाबलास तर चाक लॉक होतं. ओल्या रस्त्यावर थांबायला कोरड्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर लागतं असं धरून पुढच्या वाहनापासून लांब राहा. पांढरे पट्टे, गटारांची झाकणं, आणि जिथे रस्त्याचं काम चालू आहे तिथे डांबरावर आलेली काळी माती, यांच्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको. आपली काळी माती भिजली की साबणासारखी होते. बरेच दिवस उघडीप देऊन पाऊस आला असेल तर पहिली पंधरा-वीस मिनिटं सर्वांत वाईट, रस्त्यावरचं तेल तेव्हा वर येतं. तेवढा वेळ चहाला थांब.

आईसाठी बरसाती दोन तुकड्यांची घे, विजार आणि कोट. अंगावरून सोडायची, वाऱ्यावर फडफडणारी झूल घेऊ नकोस. ती चेनमध्ये नाहीतर चाकात ओढली जाते आणि मागचा माणूस खाली पडतो. साडीचंही तेच. त्या दिवशी पंजाबी ड्रेस घाल म्हण, साडी पिशवीत ने आणि ओंकारेश्वरला पोहोचून बदलू दे. तिलाही हेल्मेट, नीट पट्टा लावून.

वेळ सकाळची ठेव. साडेपाच-सहाला निघालास तर नऊच्या आत पोहोचशील, दर्शन, ममलेश्वर करून साडेअकराला परतीला लागशील. मोठी झड नसलेल्या दिवशी आपल्याकडे गडगडाटी ढग दुपारी तापल्यावर वाढतात, तोवर तू घाट चढून सिमरोलच्या अलीकडे आलेला असशील. जाताना तीन ठिकाणी थांबायचंच, पाऊस असो वा नसो. सिमरोल, चोरल आणि बडवाह. प्रत्येक ठिकाणी रडार बघ, दक्षिणेकडचं आभाळ बघ, समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला "पुढे कसं आहे" विचार. त्याचे कपडे ओले आहेत का एवढं पाहिलंस तरी पुष्कळ कळतं. आणि या तीनही जागांवरून परत फिरायला तुम्ही दोघं मनानं तयार असायला हवं. हे निघण्याआधी घरात बोलून घे, बहिणीसमोर. चोरलला उभं राहून आईला "परत जाऊ या" म्हणणं फार जड जातं, विशेषतः ती हातात बेलाची पिशवी घेऊन बसलेली असेल तेव्हा.

तेव्हा नेऊ की नको याचं माझं उत्तर: ने. तिला नुसतं दर्शन हवं असतं तर ती बसनं गेली असती. तिला तो रस्ता हवा आहे. पण त्याआधी एक काम कर. एखाद्या संध्याकाळी तिच्याजवळ बस आणि विचार, बाबा पावसात कुठे थांबायचे, कुणाच्या दुकानात, आणि किती वेळा अर्ध्यातून परत आलात. दर श्रावणात स्कूटरवरून जाणारा माणूस कधी परत फिरलाच नसेल असं मला वाटत नाही. तिला त्या जागा पाठ असतील. त्यातली एखादी अजून असेल तर तुझ्या तीन थांब्यांत तीही धर.

सोमवार कोणता ठरला ते कळव. आणि बहिणीला सांग, रविवारी रात्री तिन्ही जिल्ह्यांचे रंग तिनं बघायचे आणि हो किंवा नाही तिनं म्हणायचं. तुला आणि आईला जायचं आहे, तिला नाही. म्हणून तिची नजर जास्त साफ असेल.

तुझा,
काका